आष्टीच्या पुढचा रस्ता

पाली
२ फेब्रुवारी २०२५

संजय,

जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. मागच्या महिन्यात शाळेतल्या एका बाईंच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच ठेवलास. मग हे पत्र. पत्ता तुझ्या कंपनीतल्या त्या लिंबागणेशच्या माणसाकडून मिळवला. त्याला काही बोलू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते.

आपल्या अण्णांचे डोळे गेल्यात जमा आहेत. डावा काचबिंदूनं गेला. उजव्याचा मधला पडदा खराब झालाय. समोर बघितलं की मधोमध राखेचा ढीग दिसतो म्हणतात, आणि ढिगाच्या कडेनं थोडंसं जग. मला आवाजावरून ओळखतात. चहाचा कप हातात द्यावा लागतो. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं परत येणार नाही. कडेचं आहे, पण तेही राहील असं धरून चालू नका.

हे ऐकून आल्यापासून ते ओट्यावर नुसते बसून असायचे. रेडिओ नको, कुणाशी बोलणं नको. एका संध्याकाळी मी शाळेतल्या मुलांना दाखवायला टाकानं एक बाभूळ काढली. काळी शाई, रुंद निब, जाड रेषा. कागद वाळायला बाजेवर ठेवला होता. अण्णा भिंतीला धरून आत आले, बाजेपाशी थबकले आणि म्हणाले, “ही धरणाच्या भितीजवळची हाय न्हवं?”

दौत माझ्या हातून सांडायचीच राहिली. ज्या माणसाला माझं तोंड दिसत नाही, त्यानं बाभूळ ओळखली. मग मी मोबाईलमधले फोटो दाखवून बघितले. “धूर हाय नुसता,” म्हणाले. रंगीत चित्र दाखवलं, तोही धूर. पण पांढऱ्यावर काळी रेघ असेल आणि कागद समोर न धरता कडेला, कानाजवळ धरला, तर दिसतं. सगळं नाही, पण दिसतं.

“मग रस्ता काढ की,” म्हणाले.

“कुठला?”

“कुठला म्हंजे? माझा.”

तुला सांगायला नको, अण्णांना दुसरा रस्ता नाही. बीड-नगर. एसटीच्या ड्रायव्हरकीतली निम्मी हयात त्याच रस्त्यावर गेली. आता त्यांना तो घराच्या दारापासून हवाय, वळणावळणानं. मी रविवारी स्कूटी घेऊन निघते. सोबत पाण्याची बाटली, पाटी, कागद. एक जागा गाठायची, बांधावर बसून काढायची, ऊन चढायच्या आत परत यायचं. मग स्वयंपाक, धुणं, सोमवारची शाळा. मी नांदणं सोडून घरी आले तेव्हा वाटलं होतं की इथं आपण बसून चित्रं काढू. चित्रं काढतेय खरी.

संजय, दमले मी. तुझा राग मी विसर म्हणत नाही. पण कडेचं दिसतंय तोवर एकदा येऊन जा. त्यांनी म्हटलेलं नाही. मी म्हणतेय.

— वनिता


पाली
१६ मार्च २०२५

संजय,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असेल. म्हणून पुढचं लिहिते.

धरण झालं, मांजरसुंब्याचा घाट झाला, लिंबागणेश झालं. घाटाला तीन रविवार गेले. शाईच्या चित्रात रस्ता काढायचाच नसतो. दोन्ही अंगांचा डोंगर बारीक आडव्या-उभ्या रेघांनी भरत आणायचा, मधे कागद कोरा सोडला की तो रस्ता होतो. डोंगर भरता भरता मनगट धरतं. वाऱ्यानं कागद उडतो. ऊसतोडीहून परतणाऱ्यांचे ट्रॅक्टर थांबतात, वरून बायका विचारतात, “बाई, मोजणी आलीय का?” मी नाही म्हणते. मग कशाला काढता, विचारतात. याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

चित्रं अण्णांनी पुढच्या खोलीच्या भिंतीवर ओळीनं चिकटवायला लावलीत, दारापासून सुरुवात करून. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो तेवढा मधे राहिलाय, बाकी भिंत रस्त्याची. रोज सकाळी गाल भिंतीजवळ धरून त्या चित्रांच्या कडेकडेनं चालतात. घाटात आले की पावलं आपोआप हळू होतात. बंकटकाका येऊन बसतात. तुला आठवत असतील, अण्णांच्या गाडीवरचे कंडक्टर. गुडघे गेलेत, आवाज तोच आहे. ते बाजेवरून ओरडतात, “चला, मांजरसुंबा! उतरणारे पुढं या!” मग दोघं हसतात. मी आतून भाकरी थापताना ऐकते. बरं वाटतं, आणि रागही येतो, कारण त्या हसण्यासाठी उन्हात मी बसलेली असते.

लिंबागणेशच्या पुढचा तुकडा लावला त्या दिवशी अण्णा बराच वेळ तिथंच घुटमळले.

“लिंबं कुठं गेली?”

“कुठली लिंबं?”

“दोन्ही अंगांनी होती. गाडी सावलीतून जायची इथं.”

“ती कडुलिंबं तोडली अण्णा. रस्ता रुंद केला ना. आता तिथं नुसते खांब आहेत, आणि लांब डोंगरावर पवनचक्क्या.”

 मला वाईट वाटलं. म्हटलं, “काढते मी झाडं. टाकाचं काम आहे, किती वेळ लागतोय.”

“नको,” म्हणाले. “हाय ते काढ. मला फसवू नको.”

बंकटकाका म्हणाले, “आरं, काढती म्हणती पोरगी तर काढू दे की! कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“माझ्या डोळ्याचं जातंय,” अण्णा म्हणाले. “जेवढं दिसतंय तेवढं खरं दिसू दे.”

मग मी विचारलं, नगरपर्यंत काढायचं का. त्यावर म्हणाले, “आष्टीपतुर काढ. आष्टीच्या पुढं नको.”

मी कारण विचारलं नाही. तुलाही ठाऊक आहे. मायला बीडच्या दवाखान्यातून पुढं न्यायला सांगितलं, तेव्हा औरंगाबाद की नगर एवढं ठरवायचं होतं आणि अण्णा म्हणाले नगर, तो माझा रस्ता आहे. मी तेव्हा सासरी होते. तू पुण्याहून निघून नगरच्या दवाखान्याच्या दारात उभा होतास. जीप आष्टीच्या पुढं अडकली, माय वाटेतच गेली, आणि दारात तू सगळ्यांदेखत म्हणालास, “तुमच्या रस्त्यानं मारलं हिला.” माती झाल्यावर तू गेलास तो गेलासच.

अण्णांनी त्यावर आजवर चकार शब्द काढलेला नाही. माझ्यापाशी नाही, बंकटकाकांपाशीही नाही. मी बाजू घ्यायला लिहीत नाही. मला दोन्हीकडचं ऐकायचा कंटाळा आलाय. आणि ऐकायला तर काहीच येत नाही, दोघंही बोलत नाही तुम्ही.

पाटोद्याचं चित्र निम्मं झालंय. उन्हाळा सुरू झाला. ये.

— वनिता


पाली
२३ एप्रिल २०२५

संजय,

काल तू येऊन गेलास. मी शाळेत होते. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन घरी आले, तर बाजेवर डाळिंबांची पिशवी आणि बंकटकाका मान खाली घालून बसलेले.

काय झालं ते त्यांनी सांगितलं तसं लिहिते. म्हणजे तुझ्या मनात काय राहिलंय आणि इथं काय झालं, ते एकदा शेजारी शेजारी ठेवता येईल.

काका म्हणाले, “पोरगं दारात आलं. म्हणलं, अण्णा, मी संजय. तुझा बाप उठून उभा राहिला. आन् तोंड फिरवलं की गं त्यानं, भितीकडं! पोरगं उभंच. मी म्हणलं, आरं ज्ञानोबा, संजय आलाय, बोल की बे! त्याचं तोंड भितीकडंच. पोरानं पिशवी ठिवली आन् गेलं. मी मागं गेलतो फाट्यापतुर, पर ह्या गुडघ्यांनी कुठवर पळू?”

मी अण्णांकडे गेले. ते त्याच जागी उभे होते. इतक्या दिवसांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. म्हटलं, “इतक्या वर्षांनी पोरगा दारात आला आणि तुम्ही तोंड फिरवलं? कावून?”

ते गोंधळले. खरंच गोंधळले, संजय.

“फिरवलं न्हाई गं. बघत होतो त्याला.”

पेपरांचे गठ्ठे मी तिथंच खाली ठेवले.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की कागद कडेला धरावा लागतो. माणसाला बघायचं तर ते स्वतःच तोंड फिरवतात, हे लिहायचं सुचलं नाही. इथं ते रोजचं झालंय. मी ताट वाढते तेव्हा माझ्याकडे बघायला म्हणून ते दाराकडे तोंड करतात. जयंतीच्या दिवशी लेझीम बघायला ओट्यावर मिरवणुकीकडे कान करून बसले होते, लोक हसत होते. बंकटकाकांना सगळं माहीत असून काल त्यांनाही तो रागच वाटला. मग तुला काय म्हणू?

मी विचारलं, “काय बघितलं?”

“कानाजवळ पांढरा झालाय. दाढी ठिवलीय. वाळलाय. खांद्याला निळी पिशवी होती. एक हात चौकटीला लावून उभा होता, त्याच्या मायसारखा.”

“मग एक शब्द बोलायचा होता, अण्णा. ये म्हणायचं, बस म्हणायचं.”

“म्हणणार होतो,” ते म्हणाले. “आधी बघून व्हायचं होतं.”

संजय, यात कुणाची चूक मी काढू? तू अजून थोडा थांबला असतास, ते थोडं आधी बोलले असते, मला शाळेतून लवकर सुटका मिळाली असती. रात्री भाकरी कुणी खाल्ली नाही. डाळिंबं अण्णांनी सोलली, एकेक दाणा चाचपून वाटीत भरत राहिले, आणि ती वाटी तशीच राहिली.

आष्टीचं चित्र परवा लावलं. बाजारतळ आहे, शेळ्या आहेत, मागे मोकळी काळी रानं. त्याच्यापुढं भिंत रिकामी आहे.

हे पत्र वाचून फोन कर. मला करायचा नसेल तर बंकटकाकांना कर.

— वनिता


पाली
१३ जुलै २०२५

संजय,

तू बंकटकाकांना केलेला फोन त्यांनी मला तुझ्या आवाजासकट करून दाखवला. “खरंच बघत होते का,” एवढंच तू विचारलंस म्हणे, आणि काका म्हणाले, “आरं, तुझ्या पिशवीचा रंग सांगितला त्यानं.” मग काका नुसते हॅलो हॅलो करत राहिले. जुलैअखेर सुट्टी मिळेल असं तू म्हणालास. ते मी अण्णांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी दाढी करून घेतली.

आता जे सांगायचं ते सांगते. जूनच्या मध्यावर एका सकाळी अण्णा नेहमीसारखे भिंतीपाशी गेले. दारापासून आष्टीपर्यंत गाल लावून चालत गेले, परत दारापाशी आले आणि मला हाक मारली.

“वनिता, कोरे कागद कावून लावलेस?”

 मी जवळ गेले, त्यांचा हात धरला. तेव्हा त्यांना कळलं. “बरं,” म्हणाले. “बरं बरं.” जसं काही कुणी गाडीत जागा नाही म्हणून सांगितलंय. डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

चार दिवस बाजेवरून उठले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “आष्टीच्या पुढचं काढ आता.”

मला कळेना. म्हटलं, “आता कुणासाठी?”

“संजयला पाठव. तो दवाखान्याच्या दारात हुबा होता. त्यानं ती जागा बघितलेली न्हाई.”

मग मी शाळेतून रजा काढली. जागा मला माहीत नव्हती, म्हणून तेव्हा जीपमध्ये सोबत असलेल्या बंकटकाकांना घेऊन एसटीनं गेले. खिडकीची जागा त्यांनी भांडून मिळवली आणि आष्टीपर्यंत कंडक्टरला तिकीट कसं फाडावं ते शिकवत होते. आष्टी मागे पडली तसे खिडकीबाहेर बघत बसले. कडा गावाच्या अलीकडं उतरलो. रस्ता आता मोठा झालाय, सिमेंटचा. काकांना जागा सापडेना. इकडून तिकडे चालले, एका ओढ्याच्या पुलाशी थांबले, काठी टेकली.

“हितं.”

तिथं काही नाही, संजय. एक पूल, खाली कोरडा ओढा, थोडी येडी बाभूळ, पलीकडं कुणाचं तरी तुरीचं रान. मी पाटी मांडीवर घेतली. काका शेजारी दगडावर बसले. मी टाक बुडवला आणि ते बोलायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते.

“रस्ता खोदलेला होता तवा. एकच बाजू चालू. मधी कंटेनर आडवा झालेला, दोन्हीकडून गाड्या घुसलेल्या. तुझा बाप म्हणला, बंकट, तू हिच्यापाशी बस, मी रस्ता मोकळा करतो. उतरला. खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं आन् एकेक गाडी मागं घ्यायला लावली त्यानं. ड्रायव्हर लोकांना शिव्या दिल्या, त्यांच्या पाया पडला. लई येळ गेला. शेवटी आमची जीप निघाली. तो चढला ते पुढं, ड्रायव्हरजवळ. त्याला रस्ता सांगायला लागला, इथं दाब, इथं सोड.”

“आणि माय?”

“ती तवाच गेलती. तो खाली होता तवाच. हात माझ्या हातात होता तिचा, गार पडला.”

माझी रेघ तिथंच थांबली. शाईचा थेंब पडला, तो चित्रात तसाच आहे; तुला दिसेल.

“तुम्ही सांगितलं नाही?”

“कसं सांगू? तो पुढं बसून म्हणत होता, सिंधू, आलंच बघ नगर. नगरपतुर म्हणत होता. संजयनं जीपमधी बघितलं आन् दारात जे बोलला, तवाच तुझ्या बापाला कळलं ती न्हाई म्हणून. दोन्ही एकदमच ऐकलं त्यानं.”

मी चित्र पुरं केलं. कसं केलं ते विचारू नकोस. काका म्हणाले, तुरीच्या पाठीमागं एक वाळकं झाड होतं तवा, ते घाल. मी घातलं नाही. आहे ते काढलंय.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, “काय हाय तिथं आता?” मी सांगितलं: पूल, ओढा, बाभूळ, तूर. ते म्हणाले, “रस्ता?” म्हटलं, “रुंद झालाय. चार गाड्या शेजारी शेजारी जातील.”  मग म्हणाले, “जाऊ दे मग लोकान्ला.”

काकांनी मला सांगितलेलं त्यांना कळलंय की नाही, मी विचारलं नाही. तुला हे लिहू नये असंही मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून लिहिलं. यात तुझ्यावर काही टाकायचं नाहीय. मायनं ह्या जगातून जाताना जे कानांनी ऐकलं असेल, तो बाहेर गाड्या मागं घेणाऱ्या तिच्या नवऱ्याचा आवाज असेल, एवढंच माझ्या मनात येतं. तेही खरं की मी बनवतेय, माहीत नाही.

चित्र सोबत आहे. घडी घातली नाही, गुंडाळीत पाठवतेय. भिंतीवर लावायचं की नाही ते तू ठरव.

जुलैअखेरची सुट्टी मिळाली नाही तरी चालेल. डोळ्यांसाठी घाई करायची होती ती आता उरली नाही. अण्णा म्हणतात, त्याला मी बघितलंय, डोळे गेल्याचं तेवढं दुःख नाही. रोज कुणाला ना कुणाला सांगतात की पोरगा कानाजवळ पांढरा झालाय. पण ये. आल्यावर दारात उभा राहू नकोस. आत येऊन त्यांच्या बाजेवर बस आणि बसल्या बसल्या बोलायला लाग, काहीही बोल, गाडीला गर्दी होती का ते सांग. त्यांना ते पुरेल. त्यांचं बोलणं सुरू झालं की मात्र उठू नकोस, कितीही वेळ लागला तरी.

दुपारी ये. दार उघडंच असतं. भाकरी दुरडीत झाकलेली असेल, पिठलं चुलीवर. मी आतल्या खोलीत झोपलेली असेन, तर मला उठवू नकोस.

— वनिता